विहिरीत पोहणारे समुद्रात उतरताना : स्कुबा सहलीचा अनुभव धागा

दिवाळी जवळ आली की एक प्रश्न ठरलेला असतो : "आम्ही सात-आठ मित्र अंदमानला चाललोय, स्कुबा करायचंय, काय तयारी करू?" सांगली-सातारा भागात स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकलेले, शिकवणारे आणि गट घेऊन जाणारे बरेच जण इथे आहेत. त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. प्रत्येकाच्या लिखाणावर त्याचं गाव दिलंय. प्रवासवर्णन नको. काय करायचं, किती, कोणत्या क्रमाने, काय बिघडतं आणि का बिघडतं एवढं लिहा. पुढच्या गटाने हा धागा वाचून बॅग भरावी, ही इच्छा.

विश्रामबाग, सांगली

सगळ्यात आधी गटाने एक ठरवायचं. फक्त एकदा पाण्याखाली जाऊन यायचं आहे, की डायव्हर व्हायचं आहे? बजेट, दिवस, विमानाची तिकिटं सगळं यावर अवलंबून आहे.

एकदाच जायचं असेल त्याला डिस्कव्हर स्कुबा म्हणतात. अर्धा दिवस लागतो. खोलीची मर्यादा १२ मीटर, आणि शिक्षक कायम सोबत. पोहता येत नसलं तरी बहुतेक ठिकाणी घेतात. ओपन वॉटर कोर्सला तीन ते चार दिवस लागतात. थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह (बुड्या) झाले की १८ मीटरपर्यंतचं प्रमाणपत्र मिळतं. ते जगभर चालतं. त्यासाठी २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमलं पाहिजे. थिअरी ऑनलाइन असते, ती घरी संपवून जा. बेटावरची एक दुपार पुस्तक वाचण्यात गेली की वाईट वाटतं.

अंदमानात स्कुबासाठी जायचं ते बेट हॅवलॉक. त्याचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटांवर दोन्ही नावं दिसतात, गोंधळू नका. इथून पुणे, मग चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरमार्गे विमानाने पोर्ट ब्लेअर आणि पुढे हॅवलॉकला फेरी (बोट). खाजगी फेरीला साधारण दीड ते दोन तास लागतात, सरकारीला थोडा जास्त. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळा ठेवाच. तो दिवस दुसऱ्या कारणासाठीही लागतो, ते खाली कोणीतरी लिहीलच.

या मोकळ्या दिवशी सेल्युलर जेल बघा. सांगलीकरांनी तर नक्कीच. तिथे शिक्षा भोगलेल्या बाबाराव सावरकरांचं निधन १९४५ साली आपल्या सांगलीत झालं.

तासगाव

हंगामाबद्दल द्राक्षवाल्यांसाठी थोडं. अंदमानचं पाणी डिसेंबर ते एप्रिल सगळ्यात शांत आणि स्वच्छ, आणि नेमका तोच आपला माल काढायचा काळ. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सोडून निघता येत नाही. एप्रिलची खरड छाटणी उरकून मेच्या पहिल्या आठवड्यात जाता येतं. मेच्या मध्यानंतर पाऊस सुरू होतो, तेव्हा त्यापुढे ढकलू नका.

मिरज

मी कान-नाक-घशाबद्दलच लिहिणार. पहिल्यांदा जाणाऱ्यांचे डाइव्ह कानामुळेच जास्त वाया जातात.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३. प्रमाणात बघितलं तर सगळ्यात मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होतो, म्हणून कान दुखतो तो सुरुवातीला, दोन-तीन मीटरवरच. मधल्या कानातली हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलली की नाकामागून कानात जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. यालाच इक्वलाइज करणं म्हणतात.

चूक कुठे होते? लोक दुखायला लागल्यावर फुंकतात. तोपर्यंत नळीचं तोंड दाबाने मिटलेलं असतं आणि जोर लावला तर पडद्याला किंवा आतल्या कानाला इजा होऊ शकते. पाण्याच्या पृष्ठभागावरच एकदा करा, मग दर अर्ध्या ते एक मीटरला, दुखायच्या आधी. उतरताना पाय खाली, डोकं वर ठेवा. नाही उघडलं तर एक मीटर वर या, थांबा, पुन्हा करा. तरीही नाही उघडलं तर त्या दिवशी डाइव्ह नाही. सात मित्र खाली वाट बघतायत म्हणून कोणी रेटू नये आणि मित्रांनीही त्याला रेटायला लावू नये.

सर्दी असेल तर उतरायचं नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं तर जास्त वाईट. गोळीचा असर खाली असताना संपला की वर येताना हवा अडकते आणि तेव्हा वर यावंच लागतं. घरून निघण्याच्या दोन आठवडे आधी रोज आरशासमोर इक्वलाइजचा सराव करा. नाक धरून आवंढा गिळा, दोन्ही कानांत 'टिक' असा आवाज आला पाहिजे. एकाच कानात येत असेल तर मिरजेत किंवा साताऱ्यात डॉक्टरांना दाखवून घ्या, बेटावर पोचून नव्हे.

डाइव्हच्या आधी आजारांचा फॉर्म देतात. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, नुकतं झालेलं ऑपरेशन, फुप्फुसाचा जुना आजार यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. 'नाही'वर टिक मारून पुढे जाऊ नका. गरोदरपणात स्कुबा करायचंच नाही.

माहुली, सातारा

विहिरीत आणि नदीत वाढलेल्यांना पाण्याची भीती नसते, ही मोठी शिदोरी आहे. पण आपल्या तीन सवयी स्कुबात उलट पडतात.

पहिली सवय, श्वास कोंडणे. काठावरून सूर मारताना छाती भरून श्वास घ्यायचा आणि धरायचा, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. स्कुबात तुम्ही त्या खोलीवरच्या दाबाएवढी दाबलेली हवा ओढता. दहा मीटरवर भरलेली छाती धरून वर आलात तर ती हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं, आणि तेही अगदी दीड मीटर खोलीवरून. नियम एकच : श्वास कधीही थांबवायचा नाही. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र) तोंडातून निघाला असेल तेव्हा बारीक 'आऽऽ' करत बुडबुडे सोडत राहायचं.

दुसरी सवय हातांनी पाणी कापण्याची. स्कुबात हात छातीपाशी किंवा पोटाशी, चाल फक्त फिन्सने (पायात घालायच्या पंखांनी), मांडीपासून, सावकाश. हात मारणारा दम लवकर संपवतो आणि शेजारच्याचा मास्क उडवतो.

तिसरी, त्रास झाला की झपाट्याने वर येणे. वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको. तुमच्या सगळ्यात बारीक बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, मगच वर.

घरी करायचा सराव : मास्क आणि स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) विकत घ्या आणि तरणतलावात उथळ बाजूला उभे राहा. मास्क न लावता, नाक न धरता, तोंडात स्नॉर्कल घेऊन चेहरा पाण्यात एक मिनिट ठेवा. तोंडाने श्वास, नाक उघडं. पहिल्या दिवशी पाच सेकंदही जमत नाही, आठवड्यात जमतं. स्कुबात घाबरण्याचं मुख्य कारण नाकाला लागलेलं पाणी हेच असतं. ते जमलं की मास्कमध्ये पाणी घ्या, वरची कड कपाळावर दाबा, नाकातून सावकाश सोडा, मान किंचित वर करा. पाणी खालून निघून जातं. हा सराव विहिरीत एकट्याने करू नका, काठावर माणूस हवाच.

कराड

माहुलीकरांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. मी सामानाबद्दल लिहितो.

सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते. नेहमीच्या अल्युमिनियम सिलिंडरची आतली जागा सुमारे ११ लिटर, दाब २०० बार (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण), म्हणजे २२०० लिटर हवा. ५० बार राखून वर यायचं, म्हणजे वापरायला १६५० लिटर. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरा. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. ४१ मिनिटं पुरते. अठरा मीटरवर ५६ लिटर. जेमतेम २९ मिनिटं. धापा टाकणाऱ्याला याच्या निम्मी. म्हणून जोड्या लावताना दोस्ती बघू नका, हवा सारखी खाणारे एकत्र ठेवा. नाहीतर एकाला १२० बार शिल्लक असताना दुसऱ्यासाठी वर यावं लागतं.

उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासा. क्रम असा : बीसीडी (फुगवता येणारं जॅकेट) फुगते आणि रिकामी होते का, बुडण्यासाठीची वजनं बसली आहेत का आणि एका हाताने सुटतात का, सगळे बकल, मग हवा. हवा तपासताना रेग्युलेटरमधून तीन श्वास घ्या आणि डोळे गेजवर (हवेचा दाब दाखवणाऱ्या तबकडीवर) ठेवा. श्वासागणिक काटा हलत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. वर हवा येते, खाली गेल्यावर ती कमी पडते. ही चूक फार वेळा होते आणि या एका नजरेत सापडते.

बाकी बिघाड :

सिलिंडरच्या तोंडाशी फुस्स आवाज आला तर ओ-रिंग (जोडावरचं रबरी कडं) खराब. बदलून घ्या, 'चालेल' म्हणाले तरी चालवू नका.

सिलिंडरचा पट्टा कोरडा असताना आवळला तर पाण्यात सैल होतो आणि सिलिंडर घसरतो. आधी पट्टा भिजवा, मग आवळा, मग वरून उचलून बघा.

रेग्युलेटर पाण्यात पडून फसफसायला लागला तर तोंडाकडची बाजू खाली करा, थांबतो.

बीसीडीत हवा भरायचं बटण मिठाने अडकलं तर ती आपोआप फुगत राहते आणि माणूस वर फेकला जातो. लगेच बीसीडीला हवा देणारी नळी खेचून काढायची आणि दुसऱ्या हाताने हवा सोडायची. हे जमिनीवर दहा वेळा करून बघा.

आणि वजनाचं : इथल्या तलावात जेवढ्या वजनाने बुडता, तेवढ्याने समुद्रात बुडणार नाही. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे माणसागणिक दोन-एक किलो जास्त लागतात. शिवाय भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या वर असतं. ती संपत आली की शेवटी पाच मीटरवर थांबताना तुम्ही वर तरंगू लागता. सुरुवातीला वजन बरोबर वाटलं तरी शेवटचा हिशोब धरूनच घ्या.

सातारा, सदर बझार

बायकांसाठी थोडं. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहण्याचा घट्ट टी-शर्ट) आणि लेगिंग्ज पुरे, वर तीन मिलिमीटरचा वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) ते देतात. पाणी २७ ते ३० अंश असतं. केसांची वेणी घालून खाली सोडा, अंबाडा नको, मास्कचा पट्टा त्यावरून घसरतो. कपाळावरचे केस मास्कच्या रबराखाली आले की पाणी झिरपणारच. बांगड्या, मंगळसूत्र, झुमके काढून ठेवा, पट्ट्यांत अडकतात. पुरुषांच्या मिशीमुळेही मास्कमध्ये असंच पाणी झिरपतं, मिशीच्या वरच्या कडेला व्हॅसलीन लावलं तर बरंच थांबतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, बुकिंग करतानाच नंबर कळवा.

नाष्टा हलका, दोन तास आधी. इडली, केळं. भडंग, मिसळ डाइव्हनंतर. पाण्यात डोकं खाली असताना तिखट वर येतं. आदल्या रात्री दारू नको, पाणी भरपूर.

कोल्हापूर रोड, सांगली

विश्रामबागवाल्यांनी म्हटलेलं 'दुसरं कारण' हे.

दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघतो. त्याआधी बाहेरचा दाब आणखी कमी झाला तर बुडबुडे होतात. सांधे दुखणं, मुंग्या, चट्टे, विचित्र थकवा ही लक्षणं. म्हणून एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि रोज किंवा एकाहून जास्त डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. बरेच शिक्षक सरसकट २४ सांगतात, तेच धरा.

पण आपल्याकडे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हा नियम विमानाचा नाही, उंचीचा आहे, आणि साधारण ६०० मीटरपासून लागू धरतात. मालवण किंवा मुरुडेश्वरला डाइव्ह करून गाडीने घरी यायचं म्हणजे घाट चढायचा. आंबोलीचा माथा ६९० मीटरच्या आसपास. सांगली सुमारे ५५०, पण सातारा ७०० च्या वर, आणि महाबळेश्वर १३०० च्याही वर. मालवणला चार-पाच मीटरवर पंधरा मिनिटं जाऊन आलेल्याला धोका फार कमी. पण मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला दोन दिवसांत चार डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढणं चूक आहे. शेवटचा डाइव्ह सकाळी, मुक्काम किनाऱ्यावर, निघायचं दुसऱ्या दिवशी दुपारी.

लक्षणं दिसलीच तर माणसाला आडवा झोपवा, बोटीवरचा शंभर टक्के ऑक्सिजन द्या, लगेच डॉक्टर गाठा. 'पुन्हा पाण्यात नेऊ' हा उपाय नाही. बुकिंग करताना बोटीवर ऑक्सिजन आहे का आणि रिकम्प्रेशन चेंबर (माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) सगळ्यात जवळ कुठे आहे, हे दोन प्रश्न विचारा. साधी प्रवास विमा पॉलिसी बहुतेक वेळा स्कुबा धरत नाही, तेही वाचून घ्या.

पलूस

सुट्टी कमी असेल तर नेत्राणी. मुरुडेश्वरपासून समुद्रात सुमारे १९ किलोमीटर, बोटीने दीड तासाच्या आसपास. बेटावर राहता येत नाही, मुक्काम मुरुडेश्वरला. बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी घरी एकदा घेऊन बघावी, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत डाइव्ह करायचा नसतो. मालवणला मात्र पाण्यात लांबचं कमी दिसतं. तिथलं पाहून 'स्कुबा असंच असतं' असं ठरवू नका. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, तयारी बरीच आधी करा.

मिरज

एक राहिलं होतं. लायनफिश किंवा स्टोनफिश या विषारी माशांचा काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरांकडे न्यायचं. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याच्या हाताने तपासा, कारण ज्याला काटा लागलाय त्याला कळत नाही. पोवळ्याला हात लावू नका, गुडघे टेकू नका. त्याने तुम्हालाही कापतं आणि वर्षानुवर्षं वाढलेली फांदी मोडते. मेलेला तुकडासुद्धा बॅगेत टाकायचा नाही. वन्यजीव कायद्यात पोवळी पहिल्या अनुसूचीत आहेत आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर सामान तपासतात.

कराड

घरी आल्यावर मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र), फिन्स गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, नुसतं नळाखाली धरू नका. मिठाचे खडे बटणांच्या फटीत बसतात, ते विरघळायला वेळ लागतो. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटी एक बादली फिल्टरचं घ्या. सुकवायचं सावलीत. उन्हात सिलिकॉन पिवळं पडतं.