ग्वाल्हेरचा रिटेल पार्क: घुमट नको तर काय?

जयेंद्रगंजकर: नमस्कार मंडळी. शहराच्या कडेला साडेतीन एकरांत एकमजली रिटेल पार्कचं काम आहे: पाच मोठी दुकानं, बारा लहान गाळे, पुढे पार्किंग. मालकांना 'ग्वाल्हेरी चेहरा' हवाय, म्हणजे त्यांच्या मते घुमट आणि जीआरसीचे (काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटचे) तयार झरोके. रस्ता दक्षिणेला आणि पश्चिमेला. इथलं नेमकं काय घ्यावं?

सावलीवाले: घुमट सोडाच. इथला उन्हाळा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे घ्यायची ती सावली.

दक्षिणेला मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारचा सूर्य सुमारे ६४ अंशांवर असतो. ३ मीटर उंच काचेला तेव्हा दीड मीटरचा छज्जा पुरतो. पण तुम्ही दगडी खांबांची सलग २.४ मीटर रुंद ओसरी करा, छताची कड काचेच्या माथ्याइतकी ठेवून. ट्रॉली आणि व्हीलचेअर एकमेकांशेजारून सहज जातात. डिसेंबरात सूर्य ४० अंशांवर उतरला की खालच्या मीटरभर काचेवर ऊन येतं, आणि थंडीत ते हवंच असतं.

पश्चिमेला हे गणित कोसळतं. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, छज्जा कितीही लांब केला तरी आत घुसतं. तिथे जाळीच. इथलाच सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा एकदा दुपारी आतून बघा, दगडी जाळ्यांनी प्रकाश कसा गाळलाय ते कळेल.

फरशीकामवाले: जाळी ५० मिमीपेक्षा पातळ नको, फळी ६०० बाय ९०० मिमीच्या आसपास. भोकं ५० मिमीपेक्षा मोठी ठेवलीत तर कबुतरं आत घर करतात. जाळी आणि भिंतीत ६०० मिमी मोकळं ठेवा. झाडू घेऊन माणूस आत शिरला पाहिजे, नाहीतर धूळ साठून राहते.

वाळूचा दगड थरांचा असतो, म्हणून फळ्या घेताना ठोकून बघा; बोदा आवाज आला तर परत पाठवा. भिंतीला ३० मिमी फळी सिमेंटच्या गिलाव्यावर चिकटवू नका. उन्हात दगड आणि भिंत वेगवेगळी फुगतात, मागे पाणी शिरतं, सांधा सुटतो. ३०४ स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर सुकी, म्हणजे सिमेंटशिवाय बसवा, पिनचं भोक कोपऱ्यापासून फळीच्या लांबीच्या पाव अंतरावर, सांधे ६ ते ८ मिमी. साधं लोखंड वापरलं की गंज फुगतो आणि दगड कडेने फुटतो. जमिनीलगतचा ४५० मिमी पट्टा ग्रॅनाइटचा करा, त्याच्यावर ओलरोधक थर. नाहीतर क्षार वर चढून वाळूचा दगड पापुद्र्यांनी सुटतो. पानाच्या पिचकाऱ्यांनाही तेच उत्तर आहे.

जयेंद्रगंजकर: उपकार झाले. मालकांना रंग हवाच असेल तर?

सावलीवाले: किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या भिंतीवरचा निळ्या टाइलांचा पट्टा बघा, बदकांची रांग आहे त्यात. ओसरीच्या माथ्यावर तसा एकच ३०० मिमीचा निळा पट्टा. आकृत्या उचलू नका, रंग आणि जागा तेवढी घ्या.

गाळेवाले: एक मात्र आत्ताच ठरवा. पाट्यांसाठी ९०० मिमीचा सलग पट्टा, मागे वायरींची नळी, आणि 'पाटी फक्त इथेच' हे भाडेकरारात. एसीची बाहेरची युनिटं गच्चीवर, १.२ मीटर कठड्यामागे. ही जागा दिली नाही तर प्रत्येक दुकानदार जाळीवर एसीपीचा (ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा) बोर्ड ठोकतो. पार्किंगात गाडीला २.५ बाय ५ मीटर, मधली वाट ६ मीटर, आणि चार गाड्यांमागे एक कडुनिंब. आळं दीड मीटरचं, कडेला चाक अडवणारा दगड.