प्रतिसाद: पाण्याकाठचं रेस्टॉरंट निवडताना
वर कुणीतरी सुचवलंय की वारा नको म्हणून काचेच्या आतली जागा घ्यावी. दिवसा ठीक आहे. पण अंधार पडला की आतल्या दिव्यांमुळे काचेत आपलेच चेहरे दिसतात, पाणी गायब! रात्रीचा बेत असेल तर मंद दिव्यांची जागा किंवा छत असलेली उघडी बाजू बघा.

मोठ्या ग्रुपची खरी गोची वेगळीच. लांब टेबल काठाला समांतर लावलं की निम्मी मंडळी पाण्याकडे पाठ करून बसतात. काटकोनात लावून मागा, नुसती मान वळवली की सगळ्यांना दिसतं. उत्सवमूर्तीला पाण्यापासून लांबच्या टोकाला बसवा, म्हणजे सगळा देखावा समोर. समुद्र असेल तर भरतीची वेळ बघून घ्या. ओहोटीला काही ठिकाणी नुसता चिखल दिसतो. आणि वयस्कर कुणी असेल तर पायऱ्या किती, हे फोनवरच विचारा.