मदत हवी आहे: जिप्सीचे पुढचे हब 'लॉक' करूनही पुढच्या चाकांना जोर मिळत नाही

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत मी १९९८ सालची मारुती जिप्सी किंग विकत घेतली. मुळशी तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे आमची वडिलोपार्जित भातशेती आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर शेवटचा दीड किलोमीटर निव्वळ मातीची वाट असून मध्ये एक ओढा आडवा येतो, त्यामुळे पावसाळ्यात साधी गाडी तिकडे नेण्याचा विचारही करता येत नाही. गाडी घेण्यामागे हौस होतीच, परंतु घरच्यांना पटवताना मी ओढ्याचेच कारण पुढे केले होते. आता त्याच ओढ्याने माझी फजिती केल्यामुळे हा धागा काढावा लागत आहे.

माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी, म्हणजे हबवर, हाताने फिरवायची एक चकती आहे आणि तिच्यावर 'फ्री' (चाक आतल्या शाफ्टपासून मोकळे) व 'लॉक' (चाक शाफ्टला जोडलेले) अशा दोन खुणा आहेत. चिखलात जाण्याआधी खाली उतरून दोन्ही चकत्या लॉकवर आणायच्या आणि मग छोटा गिअर (मुख्य गिअरजवळची दुसरी दांडी) फोर एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या खुणेवर, टाकायचा, एवढेच विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितले होते. उन्हाळ्यात सुक्या वाटेवर मी दोनतीनदा तसे करून पाहिले आणि सगळे ठीक आहे असे समजून चाललो.

आवणीच्या दिवसांत ओढा ओलांडल्यावर गाडी खाचराच्या कडेला रुतली. त्या वेळी हब फ्रीवर होते, ही माझी चूक मला मान्य आहे. तिथेच गुडघाभर चिखलात उतरून मी दोन्ही चकत्या लॉकवर फिरवल्या. डावी सहज फिरली. उजवी मात्र बरीच घट्ट होती, तरी शेवटी खुणेपर्यंत पोहोचली. फोर एच टाकून क्लच सोडला तेव्हा मागची चाके गरगर फिरून आणखी खोल गेली, पण बाहेर उभ्या असलेल्या चुलतभावाच्या म्हणण्याप्रमाणे पुढचे एकही चाक जागचे हलले नाही. उजव्या चाकाच्या आतून मात्र दाते एकमेकांवरून घसरावेत तसा कटकट आवाज येत होता. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने गाडी वीसेक मीटर ओढून टणक जागेवर आणली.

पुढचा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. वैतागाच्या भरात छोटा गिअर फोर एचमध्येच राहिला आणि मी तसाच डांबरी रस्त्याने घरी निघालो. वळणावर स्टिअरिंग जड लागू लागले, टायर घासल्यासारखे चिरकू लागले, आणि चूक लक्षात आल्यावर छोटा गिअर टू एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) घ्यायला गेलो तर तो हलेचना. रात्री अंगणात गाडी मागे घेताना मात्र तो एकदम सुटला. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये हे सगळे सांगितल्यावर त्यांनी गाडीखाली न वाकताच 'ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या आसांना जोर वाटून देणारी गिअरपेटी) गेला, उतरवून उघडावा लागेल' असा निर्णय दिला, आणि खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी परत घेऊन आलो.

माझ्या शंका अशा आहेत. ट्रान्स्फर केस खरोखरच बिघडला असेल का, की दोष हबमध्येच आहे? उजव्या चकतीच्या कडेला पक्कड लावल्यासारख्या जुन्या खुणा दिसतात, त्यांचा याच्याशी काही संबंध असावा का? हब नीट लॉक होतो की नाही हे घरच्या घरी कसे तपासावे? आणि पावसाळाभर दोन्ही हब लॉकवरच ठेवून दिले तर काही नुकसान होते का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

आपण सगळे क्रमाने लिहिलेत हे फार बरे केलेत, कारण उत्तर त्या क्रमातच आहे. ट्रान्स्फर केस उघडण्याची घाई मुळीच करू नका.

आधी चिखलातले पाहू. पुढच्या आसाला साधे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरसंच) असते आणि ज्या बाजूला विरोध कमी, त्या बाजूचा शाफ्ट ते फिरवते. दोनपैकी एक हब जरी गुंतला नसेल, तरी त्या बाजूचा शाफ्ट चाकाच्या आत मोकळा फिरत राहतो आणि दुसऱ्या, नीट लॉक झालेल्या चाकालाही जोर मिळत नाही. एक हब लॉक आणि एक फ्री म्हणजे निम्मी फोर व्हील ड्राइव्ह नव्हे. पुढून काहीच मिळत नाही. आपली पुढची दोन्ही चाके स्तब्ध होती, याचा अर्थ एवढाच होतो, आणि कटकट आवाज उजवीकडून आल्यामुळे कोणता हब गुंतला नाही हेही कळते.

आता डांबरी रस्त्यावरचे. फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून आसापर्यंत जोर नेणारा दांडा) ट्रान्स्फर केसमध्ये एकमेकांना पक्के जोडले जातात आणि दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला पडतो. जिप्सीच्या दोन आसांमध्ये सुमारे २.४ मीटर अंतर आहे. मागचा आस ५ मीटर त्रिज्येने पूर्ण वर्तुळात वळला तर त्याचा प्रवास ३१.४ मीटर होतो आणि पुढच्याचा जवळपास ३४.८ मीटर. हा सव्वातीन-साडेतीन मीटरचा फरक चिखलात चाके घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरच्या दात्यांवर चढतो. त्या पिळाने छोटा गिअर दाबून धरला होता. आपण गाडी मागे घेतलीत तेव्हा पीळ उलगडला आणि तो सुटला. यात बिघाड काहीच नाही, आणि पुन्हा कधी असे झाले तर लिव्हरवर ताकद न लावता गाडी थोडी सरळ मागे घ्यावी.

गंमत पुढे आहे. एक हब मोकळा असता तर हा पीळ चढलाच नसता, कारण पुढच्या आसाने तो फिरून सोडून दिला असता. ज्या अर्थी पीळ चढला, त्या अर्थी घरी जाताना आपले दोन्ही हब व्यवस्थित लॉक झालेले होते. म्हणजे उजवा हब तुटलेला नाही. तो उशिरा गुंततो.

असे का होते, ते आतली रचना पाहिली की लक्षात येईल. चकती फिरवल्याने आतील दातेरी कडे लगेच जागेवर बसतेच असे नाही. चकती फक्त वाट मोकळी करते. कड्याला आत ढकलण्याचे काम स्प्रिंग करते. शाफ्टवरचे दाते आणि कड्याचे दाते समोरासमोर आले तर कडे अडून राहते आणि चाक थोडे फिरल्यावर खट्कन बसते. आत जुने ग्रीस घट्ट झाले असेल तर स्प्रिंगची ताकद पुरत नाही. आपण रुतलेल्या गाडीत लॉक केलेत, चाक फिरायला जागाच नव्हती, आणि वरून इंजिनाने शाफ्ट फिरवलात, त्यामुळे अर्धवट लागलेले दाते एकमेकांवर आपटत राहिले. ट्रॅक्टरने ओढताना चाके फिरली आणि कडे बसले. आणखी दोन मिनिटे रेटले असते तर दाते उडाले असते.

तपासणी सोपी आहे. सपाट जमिनीवर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, छोटा गिअर टू एचमध्ये ठेवा आणि मुख्य गिअर पहिल्यात. दोन्ही हब लॉक करून फक्त उजवे पुढचे चाक जॅकवर उचला आणि आसाखाली लाकडी ओंडका सरकवा. चाक हाताने फिरवले की खालचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट त्याबरोबर फिरला पाहिजे. उजवा हब फ्री केल्यावर चाक फिरावे आणि शाफ्ट जागीच राहावा. नंतर डाव्या बाजूने हेच करा. जमिनीवर टेकलेल्या बाजूचा हब मात्र लॉकच असू द्या, नाहीतर डिफरन्शियल आपल्याला फसवेल.

पावसाळाभर लॉक ठेवायला हरकत नाही. छोटा गिअर टू एचमध्ये असेपर्यंत डांबरावर पीळ चढत नाही. फक्त पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल चाकांबरोबर फुकट फिरतात, त्यामुळे थोडे इंधन जास्त जाते आणि पुढून बारीक घरघर ऐकू येते. उलट, हब लॉक असले तर सरळ रस्त्यावर हळू चालत्या गाडीत टू एचमधून फोर एच टाकता येते. हब फ्री असताना तसे करू नये, दाते खरडतात. आणि हब फ्री ठेवून फोर एल (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारी खूण) तर कधीच वापरू नये, कारण तो सगळा जोर एकट्या मागच्या आसावर येतो.

ही युक्ती जुनी आहे, बरे का. युद्धातल्या विलीज जीपचे पुढचे हब कायमचे जोडलेले असत. युद्धानंतर त्या जीप रोजच्या रस्त्यावर आल्या आणि १९४८ मध्ये वॉर्न या अमेरिकी कंपनीने त्यांच्यासाठी असे मोकळे करता येणारे हब बनवायला सुरुवात केली.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. पकडीच्या खुणांबद्दल थोडी भर घालतो. चकती फक्त बोटांनी फिरवायची असते. ती फिरत नसेल तर गाडी हातभर पुढेमागे करावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. आधीच्या मालकांनी पक्कड लावली, याचाच अर्थ आतील ग्रीस त्यांच्या काळापासूनच सुकलेले असणार. उघडाल तेव्हा एक चूक टाळा: चाकाच्या बेअरिंगमध्ये भरतात तसे ग्रीस हबमध्ये ठासून भरू नका. तिथे बोटाने पुसल्यासारखा पातळ थर पुरतो. जास्त भरले की कडे पुन्हा अडेल. झाकणाखालचे कागदी पॅकिंग नवीनच घाला, नाहीतर पहिल्याच ओढ्यात पाणी आत जाईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी सांगितल्याप्रमाणे उजवे चाक उचलले. चकती लॉकवर असूनही चाकाचा जवळजवळ पाऊण फेरा होईपर्यंत प्रोपेलर शाफ्ट हलला नाही, मग आत खट् झाले आणि तो फिरू लागला. डावीकडे मात्र चाक जरासे हलवताच शाफ्ट फिरला.

झाकणाचे बोल्ट काढून उजवा हब उघडला तेव्हा आत ग्रीस नव्हतेच म्हणायचे. ताकासारखे पांढुरके पाणी आणि कड्याभोवती मेणासारखा पिवळट, कडक थर होता. नखाने खरवडावा लागला. सगळे भाग डिझेलमध्ये धुऊन पुसले. कड्याच्या तीन दात्यांचे कोपरे झिजलेले आहेत, पण तुटलेला एकही नाही. पातळ ग्रीस लावून नवीन पॅकिंगसह बसवल्यावर चकती आता दोन बोटांनी फिरते आणि चाक जेमतेम वीतभर फिरले की कडे बसते. संध्याकाळी ओढ्याच्या अलीकडच्या टणक जागेवर हब लॉक करून गाडी दोनदा पुढेमागे घेतली आणि मगच पाण्यात घातली. चुलतभावाने पलीकडून पाहून पुढची दोन्ही चाके ओढत असल्याचे सांगितले.

एकच शंका उरते. झिजलेल्या कोपऱ्यांचे ते कडे एवढा पावसाळा काढेल का, की आत्ताच दोन्ही बाजूंचे हब जोडीने बदलावेत?

प्रतिसाद १

कोपरेच गेले असतील आणि दात्यांची बाजू सपाट असेल तर पावसाळा निघेल. महिनाभराने पुन्हा झाकण उघडून पाहा. पाणी दिसले नाही तर बदलण्याचा विचार दिवाळीनंतर करा, आणि जोडीने बदलायची गरज नाही. डावा चांगला आहे.