लोडरचा व्हॉल्व्ह बसवला आणि पंप न्यूट्रललाच ओरडायला लागला

मुलुंडकर शेतकरी
राहायला मुलुंडला, शेती मुरबाडला. ट्रॅक्टर 45 एचपी, गिअर पंपाचा. लोडरसाठी नागदेवी स्ट्रीटवरून दोन लिव्हरचा जुना व्हॉल्व्ह आणून पंप आणि लिफ्टच्या मध्ये बसवला. लोडर चालतो. पण लिव्हर न्यूट्रलला असले तरी पंप ओरडतो, इंजिन दबतं, दहा मिनिटांत पाइपाला हात लावता येत नाही. मागची लिफ्टही उचलत नाही. पंप गेला का?

जुना फिटर, शिवडी
पंप बदलू नका दादा, व्हॉल्व्ह क्लोज्ड सेंटरचा दिसतोय. गिअर पंप फिरला की तेल फेकणारच. ओपन सेंटर व्हॉल्व्हमध्ये न्यूट्रलला त्या तेलाला मधून मोकळी वाट असते, त्यामुळे दाब चढत नाही. तुमच्याकडे वाटच बंद आहे. मग पंपाजवळचा रिलीफ (जास्त दाब झाला की उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत दाब चढतो आणि सगळं तेल तिथून पिळून निघतं. मिनिटाला 20 लिटर आणि 180 बार धरा, 6 किलोवॅट झाले. 3 किलोवॅटचे दोन गीझर तेलात सोडल्यासारखं! अशा तापलेल्या तेलाने कडक झालेली सीलं नखाने तुटताना मी पाहिलीत. व्हॉल्व्ह तपासेपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नका.

व्हॉल्व्ह काढा, पुसून घ्या, लिव्हर न्यूट्रलला ठेवून इनलेटमध्ये फुंका. हवा टँकच्या पोर्टातून (तेल टाकीत परत जायचं तोंड) आली तर ओपन, अडली तर क्लोज्ड.

भांडुपचा
मग क्लोज्ड सेंटर बनवतातच कशाला काका?

जुना फिटर, शिवडी
त्याचा पंपच वेगळा. जॉन डिअरने 1960 मध्ये 4010 सारखे ट्रॅक्टर आणले, त्यात पिस्टन पंप होता. दाब पुरेसा झाला की पिस्टनचा स्ट्रोक जवळजवळ शून्यावर येतो आणि तेल दाबाखाली तयार उभं राहतं. त्याला ओपन व्हॉल्व्ह लावला तर पंपाला उसंतच मिळत नाही, तिथेही तेल तापतं.

मुलुंडकर शेतकरी
फुंकलं. हवा अडली. दुकानदार म्हणतो प्लग बदलला की ओपन होईल.

जुना फिटर, शिवडी
काही व्हॉल्व्ह होतात तसे, पण प्लग त्याच मॉडेलचा हवा. पण लिफ्टसाठी पॉवर बियाँडचा पोर्ट, म्हणजे दाबाचं तेल पुढे लिफ्टला देणारं वेगळं तोंड, आहे का ते आधी विचारा. टँकच्या पोर्टातून लिफ्टला तेल देऊ नका. बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये तो पोर्ट दाबासाठी नसतो, लिफ्टने वजन उचललं की सील फुटतं, कधी बॉडीच तडकते. टँकचा पाइप वेगळा काढून थेट टाकीत सोडा.