मदत हवी आहे : बूस्टरनंतर लेक पाय टेकवेना

आम्ही खानापूर तालुक्यातले. दीड वर्षाच्या लेकीला काल अंगणवाडीत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस दिला. रात्रीपासून ताप, १०१ च्या आसपास. मांडीवर सुईच्या जागी लालसर, कडक गाठ आलीय. पाय टेकवला की कळवळते. पाणी पिते, लघवी नीट आहे, मधेच हसतेही, म्हणून फार घाबरलेलो नाही.

नर्सबाईंनी तायी कार्डावर (कर्नाटकात मिळणारं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) तिच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल लिहून दिलंय. दोन डोसांत सहा तासांचं अंतर, गाठीवर गार पाण्याची घडी, चोळायचं नाही. सासूबाई मात्र मिठाच्या पुरचुंडीने शेकायचं म्हणतात. मी शेकू दिलं नाही, त्यामुळे घरात जरा फुगवाफुगवी!

अडचण औषधाची आहे. चमचा दिसला की तोंड घट्ट मिटते, पाजलं तर फुर्रकन उडवते. थुंकल्यावर परत द्यायचं का? तुम्ही कसं पाजता?

आणखी एक. गोवराच्या लशीचा ताप, पुरळ आठवड्याभरानंतरही येऊ शकतो म्हणे. नेमकं तेव्हाच सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायचं ठरलंय. एवढ्या लहानग्यांना अशा वेळी कोणी नेलंय का?

झटका, तीन-चार तास न थांबणारं रडणं किंवा सुस्ती दिसली तर थेट दवाखाना गाठणार आहे, तेवढं ठाऊक आहे.