गाळात एकाच जातीचे कृमी वाढलेत: तळ खरंच बिघडलाय का?

गाळचाळ्या: खाडीच्या तळाचे नमुने तपासतोय. खोली 6 ते 8 मीटर, चार ठिकाणं, प्रत्येकी 3 ग्रॅब (तळाचा गाळ जबड्याने उचलणारं व्हॅन व्हीन यंत्र, 0.1 चौ. मी.). सांडपाण्याच्या तोंडाशी कॅपिटेला कृमी (सेंद्रिय कचऱ्याच्या गाळात फोफावणारे) चौरस मीटरला 4,000 च्या घरात; मागच्या वर्षी जेमतेम 600. ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे छोटे कवचधारी) एकही नाही. पण पृष्ठभागावर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 6 मिग्रॅ आहे. प्रदूषण वाढलं असं लिहायचं का? मागच्या वर्षी चाळणी 1 मिमीची होती, यंदा 0.5 ची.

तळठाव: शेवटचं वाक्य आधी सांगायचं होतं! कॅपिटेला सुतासारखा बारीक. 1 मिमीच्या जाळीतून त्यातले बरेच निसटतात, त्यामुळे तुमच्या 600 आणि 4,000 ची तुलनाच होत नाही. यापुढे वर 1 मिमी आणि खाली 0.5 मिमी अशा दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवा आणि मोजणी वेगवेगळी नोंदवा. मागच्या वर्षाशी फक्त वरच्या चाळणीतला आकडा ताडायचा.

यंदाचे साठवलेले नमुने आता 1 मिमीतून पुन्हा चाळले तर? थोडाफार अंदाज येईल, पण जिवंत कृमी वळवळत जाळीतून निघून जातो, फॉर्मॅलिनमध्ये ताठरलेला अडकतो. आकडा फुगलेलाच येणार. अहवालात ते स्पष्ट लिहा.

चाळताना नळाची जोरदार धार नको, चाळणी पाण्यात बुडवून हलकेच हलवा. धारेने कृमींचे तुकडे होतात. तरीही तुकडे निघतातच, म्हणून मोजायची ती फक्त डोकी.

निम्नजल: पृष्ठभागाचा ऑक्सिजन इथे कामाचा नाही. वर गोडं, खाली खारं पाणी असे थर पडले की तळाला ऑक्सिजन पोहोचत नाही. वर 6 असताना खाली 2 च्या खाली जाऊ शकतो, आणि 2 मिग्रॅ ही ऑक्सिजन टंचाईची नेहमी धरली जाणारी मर्यादा. तळापासून अर्ध्या मीटरवर निस्किन बाटली (हव्या त्या खोलीवरचं पाणी पकडणारी) बंद करा. पहाटे, कारण रात्रभर श्वसन चालू असतं आणि प्रकाशसंश्लेषण बंद. विंक्लरची (ऑक्सिजन मोजायच्या रासायनिक पद्धतीची) बाटली नळी तळाशी टेकवून भरा, दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वाहू द्या, बुडबुडा राहू देऊ नका. विंक्लरची दोन्ही रसायनं जागीच घाला. साका पांढराच राहिला, तपकिरी झालाच नाही, तर ऑक्सिजन जवळजवळ नाहीच.

रेतीचिखल: ग्रॅब उघडल्यावर गाळ बघता की थेट बादलीत ओतता? वरच्या झडपेतून आधी पाहा. वर तपकिरी थर किती मिमी, काळा कुठे सुरू होतो, सडक्या अंड्यांचा वास येतो का, हे लिहून ठेवा. काळा थर अगदी पृष्ठभागाशी आणि वर कॅपिटेलाची गर्दी, म्हणजे सेंद्रिय कचरा साचल्याची खूण पक्की. वरचा 2 सेंमी गाळ कणांचा आकार आणि सेंद्रिय कार्बनसाठी वेगळा काढा. जबड्यात शिंपला अडकून ग्रॅब अर्धवट मिटला असेल, किंवा चिखलात 7 सेंमीही शिरला नसेल, तर तो नमुना टाकून द्या.

ॲम्फिपॉड नाहीत म्हणजे सांडपाणीच, असंही नाही. ते तेलालाही फार हळवे. 1978 मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ अमोको काडिझ जहाज फुटलं, तेव्हा मोर्ले उपसागरातले ॲम्पेलिस्का हे ॲम्फिपॉड जवळजवळ नाहीसे झाले आणि सावरायला दहाहून जास्त वर्षं लागली. तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा मार वेगळा: मोठे, सावकाश वाढणारे जीव आधी जातात, छोटे लवकर वाढणारे उरतात. तिथे गाळ काळा असेलच असं नाही. जवळपास ड्रेजिंग झालं असेल तर त्याच्या तारखाही मिळवा.

आणि तुलनेचं ठिकाण नुसतं लांबचं नको, क्षारता आणि गाळाचे कण सारखे हवेत. कमी क्षारतेच्या पट्ट्यात मुळातच जाती मोजक्या असतात.

गाळचाळ्या: शिंपल्यांची टरफलं बाटलीत मऊ पडलीत. 4 टक्के फॉर्मॅलिन वापरलंय.

तळठाव: दोन घोळ आहेत. बाजारातलं फॉर्मॅलिन म्हणजे साधारण 37 टक्के फॉर्माल्डिहाइड. हवं असतं 4 टक्के फॉर्माल्डिहाइड, म्हणजे 1 भाग फॉर्मॅलिन, 9 भाग समुद्राचं पाणी. तुमचं द्रावण बहुधा त्याच्या निम्म्याहून कमी ताकदीचं. शिवाय फॉर्मॅलिन आम्ल होत जातं आणि टरफलं विरघळवतं. बोरॅक्स घालून सामू (pH) 8 च्या आसपास ठेवा. उरलेले शिंपले आजच धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालूनच.