उंचीचा प्रश्न मतदारांपुढे यायलाच हवा

इमारत किती उंच असावी हे तज्ज्ञांनीच ठरवावं, मतदारांना त्यातलं काय कळतं, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. इथे सॅन फ्रान्सिस्कोत खाडीकिनारी १३४ आलिशान फ्लॅटसाठी बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने (शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाने) उंचीची मर्यादा ८४ फुटांवरून १३६ वर नेली होती. रहिवाशांनी सह्या गोळा करून तो निर्णय मतपत्रिकेवर आणला आणि नोव्हेंबर २०१३मध्ये मतदारांनी तो फेटाळला. पुढच्याच जूनमध्ये, बंदराच्या जमिनीवर उंची वाढवायची तर आधी मतदान, असा नियमच झाला. आणि लोक न वाचता मत देतात म्हणाल, तर मतदानाआधी घरोघरी प्रस्तावांची माहिती आणि बाजूचे-विरोधातले युक्तिवाद असलेली जाडजूड पुस्तिका येते. पैसे भरून छापलेल्या युक्तिवादाखाली ते पैसे कुणाचे हेही असतं. आमच्या रहिवासी गटात आम्ही ती ओळ सगळ्यात आधी वाचतो.